हात सोडला की

सिनावच्या बकरी-बाजारामागे, टायरवाल्याला लागून, आमचं शटर.
गुरुवार. सकाळचे साडेसहा,
आणि पत्रा आत्ताच बोलायला लागलेला.
भाच्याच्या लँडक्रूझरला दोराने बांधून
म्हातारीने ओढत आणली तिची डाट्सन.
साल अठ्ठ्याहत्तर. रंग एकेकाळी निळा असावा.
मागे हौद्यात चार बोकड, एक गादी,
आणि बाजार दहाला उठतो.

भाचा सांगत होता: बॅटरी नवी घातली,
प्लग नवे, पॉइंट नवे,
निझव्याच्या एकाने तर कार्बोरेटर धुऊन दिला
आणि बारा रियाल घेतले.
(दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला.)
म्हातारी स्टिअरिंगवरून उतरलीच नव्हती.
चेहऱ्यावर निळसर चकाकीचा कडक बुरखा,
त्याच्या दोन खिडक्यांतून माझ्याकडे बघत म्हणाली,
"सुरू होते. मी हात सोडला की मरते."

एवढंच.
तिघांनाही तिने हेच सांगितलं होतं,
पण तिघेही ऐकताना भाच्याकडे बघत होते.

देवरुखच्या आयटीआयला आमचे सावंत मास्तर
मीटर कपाटात कुलूप लावून ठेवत.
म्हणत, आधी चालवणाऱ्याला विचारा.
आम्ही हसायचो. पहिली सहा वर्षं इथे
मीही कुणाला विचारलं नाही, बॉनेटच उघडत आलो.

"दाखवा," म्हटलं.
तिने किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला,
इंजिनाने हुंकार दिला, धूर आला, बोकड उठून उभे राहिले,
तिने बोटं सैल केली
आणि गप्प.
पुन्हा. गप्प.
तिसऱ्यांदा मी बघत नव्हतो, नुसतं ऐकत होतो:
ठिणगी आहे. पेट्रोल आहे.
फक्त धरून ठेवल्यावर आहे.

शफीउल टेस्ट-लॅम्प घेऊन बोनेटखाली वाकला.
कॉइलच्या प्लसवर टोक.
किल्ली ऑनवर: दिवा मेलेला.
किल्ली स्टार्टवर: लख्ख.
सोडली: मेलेला.
मग मागे, मागे, तारेचा माग काढत,
फायरवॉलवर करंगळीएवढा पांढरा चिनी मातीचा तुकडा,
दोन स्क्रूंनी बसवलेला. सत्तेचाळीस वर्षांत
कुणी त्याच्यावरची धूळसुद्धा पुसली नसेल.
त्याच्या अलीकडे दिवा लागतो. पलीकडे नाही.

सुरू करताना करंट याला वळसा घालून जातो,
नंतर याच्यातूनच जावं लागतं.
आत केसाएवढी चीर. बस.

"तार थेट जोड ना," भाचा घाईत.
जोडता येते. चालेलही, बाजारापर्यंत, कदाचित सूरपर्यंतसुद्धा.
मग कॉइल तापेल, एखाद्या दुपारी वाळूत जळेल.
पूर्ण बारा व्होल्ट कायमचे सोसत नाही ती,
मधे कुणीतरी तापून घ्यावं लागतं.
हे मला अरबीत नीट सांगता आलं नाही.
मी कॉइलवर हात ठेवून झटकला, भाजल्यासारखा.
म्हातारी मान हलवून म्हणाली, "कळलं,"
आणि भाच्याला कॉफी आणायला पाठवलं.

मागच्या अंगणात भंगाराची एक डाट्सन, पोटात बाभूळ उगवलेली.
तिच्यातून तुकडा काढला, मीटरवर दीड ओहम,
घासला, बसवला.
दोन रियाल.

तिने किल्ली फिरवली.
इंजिन लागलं. तिने हात सोडला
आणि तो तसाच हवेत राहिला, किल्लीपासून वीतभर,
पडणाऱ्या पोराला झेलायला धरतात तसा.
इंजिन चालत होतं.
हात हळूहळू गिअरवर गेला.

निघताना थांबली. मेलेला तुकडा मागून घेतला,
ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला.
"निझव्याला जाणार आहे," म्हणाली,
"त्या तिघांकडे."

कॉफीचे चार पेले घेऊन भाचा परत आला,
तेव्हा रस्त्यावर नुसता दोर पडलेला होता.